सही केलीय ना, मग भरा

२२ सप्टेंबर २०२५ रोजी एसी आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह ४० हजारांना मिळणारा एसी, दुकानदारानं सगळी कपात ग्राहकाच्या पदरात टाकली असं धरलं तर, ३६ हजार ८७५ रुपयांना पडायला हवा. वाचले ३ हजार १२५. आता आमच्या सोलापुरात नवी पेठेतल्या किंवा सात रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जाऊन एसीच्या वाढीव वॉरंटीचा, म्हणजे कंपनीची मूळ हमी संपल्यावर पुढच्या वर्षांसाठी वेगळे पैसे भरून घ्यायच्या हमीचा, भाव विचारा. तो साधारण याच घरात निघतो. दिल्लीनं सोडलेला कर सोलापूरच्या काउंटरवर दुसऱ्या नावानं जमा झाला, आणि तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत एक वाद रंगतो आहे. एक बाजू म्हणते, वाढीव वॉरंटी घेणारा मूर्ख. दुसरी म्हणते, चार पैशांत मनाला स्वस्थता मिळते, तुमचं काय जातं? आणि मशीन बिघडल्यावर वॉरंटी असूनही खिशातून पैसे गेले अशी तक्रार कुणी केलीच, तर दोन्ही बाजूंचं एकमत होतं: सही केलीय ना, मग भरा.

माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. ग्राहक शहाणा की खुळा, हा प्रश्नच नाही. वाढीव वॉरंटी हा व्यवहारानं विमा आहे: आज ठरावीक रक्कम घ्यायची आणि उद्या होईल न होईल अशा नुकसानीची भरपाई कबूल करायची. पण विम्यासाठी जे खास नियम आहेत त्यातला एकही तिला लागत नाही. त्यामुळे तिची छापील किंमत आणि खरी किंमत यांत अंतर पडतं, आणि ते अंतर नेमकं ग्राहक अडचणीत असताना वसूल होतं. हे ‘अनपेक्षित’ खर्च फक्त ग्राहकाला अनपेक्षित असतात. ज्यानं अटी लिहिल्या त्याला ते पुरेपूर ठाऊक असतात.

हे खर्च कोणते ते सोलापुरातच बघू, कारण पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या अटी इथे येऊन कशा उलटतात ते इथेच नीट दिसतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत टाकीत पडतं ते बोअरचं किंवा टँकरचं, आणि ते जड असतं. वॉशिंग मशीनच्या हीटरवर, गिझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर चढत जातो आणि एक दिवस हीटर जळतो. टेक्निशियन येतो, मशीन उघडतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि म्हणतो, “मावशी, क्षारामुळं झालंय, कव्हरमध्ये येत नाही.” उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की रात्री गल्लीतले सगळे एसी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खालीवर होतं, पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, उडतो. हे ‘बाह्य कारण’. उंदरानं वायर कुरतडली, बाह्य कारण. पावसाळ्यात बाहेरच्या युनिटचं कॉइल गंजलं, तर तो हवामानाचा परिणाम. स्टॅबिलायझर होता का, त्याचं बिल आहे का, कंपनीच्याच माणसाकडून दरवर्षी सर्व्हिसिंग करून घेतलं का, त्याच्या पावत्या कुठे? मशीन ज्या ज्या कारणांनी सोलापुरात खरोखर बिघडतात ती एकेक करून वगळत गेलं तर उरतं काय? उरतो तो आपोआप, विनाकारण, कुणाचाही दोष नसताना होणारा बिघाड. तसा बिघाड होतोही, पण विकताना सेल्समन जे चित्र रंगवतो ते त्याचं नसतं. तो म्हणतो, “काका, चार वर्षं बघायचंच काम नाही.”

‘कॉम्प्रेसरवर १० वर्षं’ हे तर आता प्रत्येक फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं असतं. त्यातला कॉम्प्रेसर खरा. पण तो बदलायचा म्हणजे जुना गॅस काढायचा, नवा भरायचा, पाइप जोडायचा, फ्रिज दुकानात न्यायचा आणि परत आणायचा. सुटा भाग फुकट आणि बाकी सगळं विकत, वर सेवेवर १८ टक्के जीएसटी. ज्यानं वाढीव वॉरंटी घेतली त्याला वाटतं हे सगळं आपण भरून टाकलंय. काही योजनांत खरोखर असतं, काहींत गॅस एकदाच मिळतो, काहींत अजिबात नाही, आणि व्हिजिट चार्ज बहुतेक ठिकाणी वेगळाच. करमाळा किंवा मंगळवेढ्यात राहत असाल तर शहराच्या हद्दीबाहेरचं भाडं त्यात मिळवा. करमाळा जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या माणसाला वॉरंटीच्या किमतीत सवलत मिळते का? नाही. किंमत सगळीकडे सारखी, सेवा मात्र किलोमीटर मोजून.

आणि एक कलम असं आहे की ते सोलापुरासाठीच लिहिलं असावं असं वाटावं: घरगुती वापराव्यतिरिक्त वापर केल्यास संरक्षण रद्द. आपल्या गावात घर आणि कारखाना यांच्यामधली भिंत कधीच फार जाड नव्हती. साखर पेठेत, अशोक चौकाच्या मागे पिढ्यानपिढ्या माग घरातच चालले. विड्या घरातच वळल्या जातात. आज शेकडो बायका घरच्या मिक्सरवर शेंगा चटणी करतात, घरच्या फ्रिजमध्ये मसाले ठेवतात, कडक भाकरीची पाकिटं घरूनच पाठवतात. त्यातल्या एखादीचा मिक्सर जळला आणि टेक्निशियनला ओट्यावर चटणीची वीस पाकिटं दिसली तर तो घरगुती वापर की व्यावसायिक? ठरवणार कोण? ज्याला पैसे द्यायचे आहेत तोच.

मोठा बिघाड झाला आणि दुरुस्ती परवडणारी नाही असं कंपनीनं ठरवलं तर आणखी एक दार उघडतं. तुमच्या २८ हजारांच्या फ्रिजची किंमत घसारा वजा करून तिसऱ्या-चौथ्या वर्षी निम्म्याच्या आसपास धरली जाते, तेवढ्या रकमेचं व्हाउचर मिळतं, ते त्याच दुकानात वापरायचं, आणि योजना तिथंच संपते. वरचे चौदा हजार घालून नवा फ्रिज घ्या, त्यावर नवी वॉरंटी घ्या. भरपाई म्हणून सुरू झालेला प्रवास पुढच्या विक्रीवर येऊन थांबतो.

हप्त्यावर घेणाऱ्यांचं तर विचारूच नका. वस्तू, तिची वाढीव वॉरंटी आणि प्रोसेसिंग फी हे सगळं एकाच कर्जात घातलं जातं. महिन्याला दीडशे-दोनशेच वाढतात, कळतसुद्धा नाही. पण गंमत बघा: कंपनीची मूळ वॉरंटी पहिलं वर्ष असतेच, वाढीव वॉरंटी सुरू होते ती दुसऱ्या वर्षापासून. म्हणजे अजून सुरूही न झालेल्या संरक्षणाचे पैसे वर्षभर कर्ज काढून फेडायचे. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ कर्जदाराला सगळ्या शुल्कांसह खरा वार्षिक दर दाखवणारं एक पानी-दोन पानी विवरण देणं सक्तीचं केलं, आणि कर्जासोबत वसूल होणारे विम्यासारख्या तिसऱ्या पक्षाचे पैसेही त्या दरात धरायला सांगितले. वाढीव वॉरंटी त्यात धरली आहे का, हे एकदा आपल्या कर्जाच्या कागदात शोधून बघा.

वॉरंटी नेमकी कुठल्या काळाची विकली जाते, हेही बघण्यासारखं आहे. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख अभियंते काढतात तेव्हा तो सुरुवातीला उंच, मधे सपाट आणि शेवटी पुन्हा उंच येतो. कारखान्यातल्या चुका पहिल्या काही महिन्यांत उघड्या पडतात. त्या मूळ वॉरंटीत जातात. झीज सुरू होते ती आठव्या-दहाव्या वर्षी. तोवर वाढीव वॉरंटी संपलेली असते. विकला जातो तो मधला सपाट भाग, जिथे बिघाडाची शक्यता सगळ्यात कमी. दहा-बारा वर्षं चालेल असं सांगून विकलेल्या फ्रिजवर मूळ हमी एकाच वर्षाची का, हा प्रश्न खरं तर आधी विचारायला हवा. युरोपीय संघानं १९९९च्या निर्देशानं विकणाऱ्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी टाकली. तिथे दुसरं वर्ष वस्तूच्या किमतीतच येतं. आपण ते वेगळं विकत घेतो आणि त्याला सुविधा म्हणतो.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. ते असं: ज्याच्या हातात महिन्याला तीस-चाळीस हजार उरतात त्याला वॉरंटीची गरज नाही हे कबूल, पण आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माग कामगाराचं काय? त्याला १२ हजारांचा खर्च एकदम आला तर तो सावकाराकडे जाईल. त्याच्यासाठी तीन हजार आधी देऊन १२ हजारांची धास्ती टाळणं हा तोट्याचा असला तरी शहाणपणाचा सौदा आहे. विमा सरासरीनं नेहमी तोट्याचाच असतो, म्हणून काय कुणी विमा काढू नये?

हे म्हणणं मला पूर्ण पटतं. ‘घेणारा मूर्ख’ म्हणणाऱ्यांनी हे कधी ऐकूनच घेतलेलं नाही. गणित मांडून दाखवणारे बहुतेक जण असे असतात की ज्यांना टीव्हीचं पॅनेल गेलं तर दुसऱ्या दिवशी नवा टीव्ही आणता येतो. पण हाच युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो कुठे पोचतो? ज्याला धक्का सोसवत नाही त्याच्यासाठी संरक्षणात शेवटच्या क्षणी भोक निघणं सगळ्यात महाग. त्यानं तीन हजारही दिले आणि क्षार निघाले म्हणून चार हजारही दिले. सुखवस्तू माणसाला हा मनस्ताप. माग कामगारासाठी हे दुहेरी नुकसान. म्हणजे वाढीव वॉरंटीची ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठीच ती पारदर्शक असणं सगळ्यात जास्त गरजेचं. गरिबाच्या नावानं योजनेचं समर्थन करायचं आणि अटी मात्र वकिलाला कळतील अशा ठेवायच्या, हे जमणार नाही.

त्याच माग कामगाराच्या घरात भिशी असते. तिथेही दरमहा पैसे टाकायचे आणि कधीतरी एकरकमी उचलायचे. फरक एवढाच की भिशीत किती जमले, कुणी उचलले आणि किती उरले हे बाराही जणींना तोंडपाठ असतं. वाढीव वॉरंटीच्या भांड्यात किती जमलं आणि त्यातलं किती दुरुस्तीवर परत गेलं हे कुणाला माहीत आहे? विमा कंपन्यांना हे सांगावं लागतं. जमलेल्या हप्त्यांपैकी किती टक्के दाव्यांवर खर्च झाले, याची आकडेवारी विमा नियामक दरवर्षी कंपनीवार छापतो. वाढीव वॉरंटीबद्दल अशी छापील यादी मला कुणी दाखवावी.

दुकानदारांची बाजूही खोटी नाही. ऑनलाइन भावाशी स्पर्धा करताना फ्रिज-टीव्हीवर त्यांना फार थोडं सुटतं. दुकानाचं भाडं, पोरांचे पगार, उन्हाळ्यातलं वीजबिल हे सुट्या विक्रीवर भागत नाही, ते वॉरंटी आणि फायनान्सच्या कमिशनवर भागतं. नवी पेठेतल्या दुकानात उभा राहणारा पोरगा महिन्याचं टार्गेट पुरं करण्यासाठी वॉरंटी गळ्यात मारतो, त्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. पण याचा अर्थ इतकाच की एसीची खरी किंमत ३६ हजार ८७५ नव्हतीच. मग ती खरी किंमत पाटीवर का लिहू नये? जी वस्तू तिच्या किमतीवर विकली जाऊ शकत नाही आणि जी वॉरंटी तिच्या अटी सांगून विकली जाऊ शकत नाही, त्या दोघींना एकमेकींच्या आड लपवून धंदा चालवायचा, हे दुकानदाराच्याही हिताचं नाही. आधी सगळं उघड सांगणारा दुकानदार इथे महाग ठरतो आणि लपवणारा स्वस्त. अशा बाजारात प्रामाणिक माणूस आधी मरतो.

आता ‘सही केलीय ना’ या मुद्द्याकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यात तरी हा मुद्दा सावधपणे काढावा. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारातून सावकारांविरुद्धचे दंगे उसळले. शेतकऱ्यांना पैशापेक्षा कागद हवे होते. त्यांनी कर्जखतं मिळवली आणि जाळली. तेव्हाही सावकारांचं उत्तर हेच होतं: अंगठा तुझाच आहे ना? इंग्रजांची कोर्टं तोवर हे उत्तर मान्य करत होती. करार म्हणजे करार, आत काय लिहिलंय ते वाचणं हे सही करणाऱ्याचं काम. चार वर्षांनी, १८७९मध्ये, खुद्द त्याच सरकारला वेगळा कायदा करावा लागला: डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. तो लागू झाला पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना. त्यानं न्यायाधीशाला सांगितलं की कागदावर थांबू नका, कागदाच्या मागे जा. व्यवहार सुरुवातीपासून तपासा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं करा. दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, सावकारानं पावती द्यावी, हिशेब द्यावा. मुक्त कराराचा एवढा अभिमान असलेल्या राजवटीनं याच जिल्ह्यात मान्य केलं की एक बाजू लिहिणारी आणि दुसरी फक्त अंगठा उठवणारी असेल तर सहीला पूर्ण सहीचा मान देता येत नाही.

आजचा ग्राहक साक्षर आहे, तो तेव्हाचा कुणबी नव्हे, असं कुणी म्हणेल. ठीक. मग आजची सही कशी होते ते आठवा. सेल्समन म्हणतो, “दादा, ओटीपी आला असेल बघा, सांगा जरा.” तुम्ही सहा आकडे सांगता. झाली सही. अटींची लिंक नंतर ईमेलवर येते, तीही इंग्रजीत, ती उघडेपर्यंत टेम्पो फ्रिज घेऊन जुळे सोलापूरला पोचलेला असतो. एलएलबी झालेला माणूससुद्धा काउंटरवर उभा राहून बारा पानं वाचत नाही, कारण तिथे वाचायला ती बारा पानं नसतातच. सोलापुरातला ग्राहक मराठी वाचतो, तेलुगू बोलतो, कन्नड बोलतो, उर्दू वाचतो. त्याला त्याच्या भाषेत एक पान का मिळत नाही? विक्रीची भाषा मराठी आणि नकाराची भाषा इंग्रजी, हे अंगठ्यापेक्षा फारसं वेगळं आहे का?

त्या १८७९च्या कायद्याला सावकारांनी वाटा शोधल्या हेही सांगायला हवं, नाहीतर मी इतिहासाचा सोयीस्कर तुकडा उचलला असं होईल. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याचा प्रकार वाढला. पतपुरवठा आटला अशीही ओरड झाली. कायदा केला की फसवणूक संपते असं मी मानत नाही. पण कायद्यानं पळवाट शोधण्याचा खर्च फसवणाऱ्यावर टाकला, तोवर सगळा खर्च फसणाऱ्यावर होता. एवढा बदलही थोडा नाही.

खुद्द विम्याचा इतिहास यापेक्षा वेगळा नाही. १९१२पर्यंत हिंदुस्थानात आयुर्विम्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. १९१२ला पहिला आला, १९३८ला सर्वंकष विमा कायदा आला, आणि तरीही गैरव्यवहार थांबेनात म्हणून १९५६ला २४५ कंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. आज आयुर्विम्याची किंवा आरोग्यविम्याची पॉलिसी आवडली नाही तर ३० दिवसांत परत करता येते, तक्रार असेल तर विमा लोकपालाकडे फुकट जाता येतं. १९१० साली कुणी म्हणालं असतं की विमा हा दोन शहाण्या माणसांतला करार आहे, सरकारनं मधे पडू नये, तर ते तेव्हा योग्यच वाटलं असतं. आज वाढीव वॉरंटीबाबत आपण १९१०मध्ये आहोत.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न दोन दशकांपूर्वीच आला होता. तिथल्या स्पर्धा आयोगानं २००३मध्ये घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव वॉरंटीची चौकशी केली आणि २००५मध्ये आदेश निघाला. दुकानात वस्तूच्या किमतीशेजारीच वॉरंटीची किंमत लावायची. ग्राहकानं मागितलं तर लेखी भाव द्यायचा आणि तो ३० दिवस कायम ठेवायचा, म्हणजे त्याला घरी जाऊन विचार करता येईल. घेतल्यावर ४५ दिवसांच्या आत, दावा केला नसेल तर, पूर्ण पैसे परत. यात किंमत नियंत्रण नाही, बंदी नाही, कुणाला खुळं ठरवलेलं नाही. घाई काढून टाकली, बस. आणि वाढीव वॉरंटीचा सगळा धंदा ज्या पायावर उभा आहे तो म्हणजे काउंटरवरची ती दोन मिनिटांची घाई.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असंही नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, महाराष्ट्रातून ही चळवळ देशभर गेली, १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ला नवा. नव्या कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना प्रथमच आली. ग्राहकावर अवाजवी अट लादणारं कलम रद्दबातल ठरवता येतं. वाचून बरं वाटतं. पण असा करार रद्द करायची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येत नाही, ती राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. चार हजारांच्या योजनेतलं एक कलम रद्द करून घेण्यासाठी सोलापूरच्या माणसानं राज्य आयोगापर्यंत जायचं? जिल्हा आयोगात सेवेतल्या कसुरीची तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही, वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. पण कंपनी तिथे येऊन म्हणते, कसूर कसली, अटीप्रमाणेच नाकारलं. म्हणजे ज्या दाराशी माणूस पोचू शकतो तिथे अटीलाच हात घालता येत नाही, आणि जिथे घालता येतो तिथे तो पोचत नाही.

नोव्हेंबर २०२३मध्ये ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. ग्राहकाला न विचारता बास्केटमध्ये वस्तू घालणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं असे १३ प्रकार त्यात नावानिशी आहेत. ती आली ऑनलाइन व्यवहारांसाठी. वेबसाइटवर आधीच टिक केलेली वॉरंटी गैर, आणि काउंटरवर आधीच बिलात घातलेली वॉरंटी मात्र विक्रीकौशल्य! जून २०२४मध्ये तर जीएसटीच्या परिपत्रकानं स्पष्ट केलं की वस्तू विकणारा एक आणि वाढीव वॉरंटी देणारा दुसरा असेल तर ती वेगळी सेवा धरून तिच्यावर कर लावायचा. म्हणजे दुकानदार वेगळा आणि हमी देणारा वेगळा असतो हे कर खात्याला माहीत आहे. ग्राहकाला ते कळतं मशीन बंद पडल्यावर, दुकानदार जेव्हा म्हणतो, “आमच्याकडे काही नाही, त्या नंबरवर फोन करा.”

मी यावर जे मागतो ते थोडं आहे. वाढीव वॉरंटीची किंमत वस्तूच्या पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरात. काय येत नाही याचं एक पान मराठीत, पैसे घेण्याआधी हातात. त्यात क्षार, व्होल्टेज, गॅस, भाडं, घसारा हे शब्द असलेच पाहिजेत. ३० दिवसांत परत करण्याचा हक्क. दरवर्षी किती जमले आणि किती दुरुस्तीवर गेले याचा आकडा. आणि अन्याय्य कलमांची तक्रार जिल्हा आयोगातच ऐकण्याची सोय. यामुळे वॉरंटी महाग होईल, असं कंपन्या म्हणतील. होऊ दे. जी योजना सगळं सांगितल्यावर महाग होते तिची आजची स्वस्ताई कुणाच्या खिशातून येते ते आपण वर पाहिलं.

शेवटी दुरुस्तीबद्दल, कारण वॉरंटीच्या चर्चेत दुरुस्ती करणारा माणूसच हरवलाय. या गावात टॉवेल आणि चादरी ज्या मागांवर निघतात त्यातले कितीतरी माग त्यांच्या मालकांपेक्षा वयानं मोठे आहेत. त्यांना कुणी वाढीव वॉरंटी घेतली नव्हती. ते चालले कारण गावात माग दुरुस्त करणारा जॉबर होता, सुटा भाग मिळत होता, नाही मिळाला तर लेथवर करून घेता येत होता. आजच्या फ्रिजचा पीसीबी बाजारात सुटा सहज मिळाला, त्याचा नकाशा मेकॅनिकला वाचायला मिळाला, तर वॉरंटीच्या धास्तीचा निम्मा धंदा तिथंच बसेल. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी त्यावर माहिती द्यावी असं सुचवलं. सुचवलंच. बाहेरच्या मेकॅनिकनं मशीन उघडलं की वॉरंटी रद्द, हे कलम अजून सर्रास छापलं जातं. सोलापूरच्या व्यापारी संघटनांनी आणि ग्राहक पंचायतीनं दिल्लीची वाट न बघता एक करावं: येत्या पाडव्याच्या खरेदीआधी शहरातल्या दुकानदारांना एकत्र बसवून वॉरंटीची पाटी आणि ते एक मराठी पान ठरवून घ्यावं. दहा दुकानदार तयार झाले तरी अकराव्याला ग्राहक विचारेल, तुमचं पान कुठे आहे?